वाचक विचारतात : जुन्या इंग्रजी हवेलीतला खून

प्रश्न : १९३४ साल, यॉर्कशायरच्या माळावर एकटी हवेली. रात्री गॅसचे दिवे आपोआप मंद होतात आणि सकाळी म्हातारा मालक गॅसने मेलेला सापडतो. रहस्यकथेत हे पटेल का?

उत्तर : पटेल, पण आधी हवेली हलवा. तेव्हा गॅस कारखान्यात कोळशापासून बनून नळाने यायचा; ओसाड माळावरच्या एका घरासाठी नळ कोण टाकणार? तिथे रॉकेलचे दिवे किंवा घरचा जनरेटर शोभेल. गॅस हवाच तर घर गावाच्या कडेला आणा. मग दिवे मंद व्हायला भूत लागत नाही. त्याच नळावर दुसऱ्या खोलीत कुणी शेगडी पेटवली की दाब घटतो, ज्योत खाली बसते. सुरुवातीच्या एखाद्या प्रकरणात हे सहज घडू द्या. पुढे तोच पुरावा ठरेल.

खुनासाठी नाणे टाकायचा मीटर घ्या. पैसे संपले की शेगडी विझते, तोटी मात्र उघडीच राहते. मग बाहेरून कुणी शिलिंग टाकले की न पेटलेला गॅस खोलीत भरू लागतो. अडचण एवढीच, की असे मीटर बहुतेक भाड्याच्या खोल्यांत असत. कर्जबाजारी मालकाने खोल्या भाड्याने दिल्यात आणि तो स्वतःही त्यांतल्याच एकीत झोपतो, असे करा. प्रेत पांढरेफटक मात्र रंगवू नका. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे आणि त्याने मेलेल्याच्या अंगावर मृत्यूनंतर उमटणारे डाग बहुधा चेरीसारखे लालसर दिसतात. तुमच्या डॉक्टरच्या हे नजरेतून सुटले, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

प्रश्न : बटलर आणि स्वयंपाकीण मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, दोघांना ५०० पौंड मिळणार आहेत. संशय कुणावर जावा?

उत्तर : त्यांना दमडीही मिळणार नाही. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्याने साक्षीदाराला, किंवा त्याच्या पती-पत्नीला, ठेवलेली रक्कम रद्द होते. बाकी मृत्युपत्र टिकते. बटलरला हे ठाऊकच नसेल तर खरी मजा. आणखी एक फट आहे : म्हातारा सही करताना, किंवा केलेली सही आपली असल्याचे कबूल करताना, दोघेही साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत. स्वयंपाकीण तेवढ्यात चहा आणायला गेली असेल आणि नंतरही दोघांसमोर सही कबूल केली नसेल, तर अख्खे मृत्युपत्र कोसळते आणि आधीच्या मृत्युपत्रातला विस्मृत पुतण्या वारस होतो.

प्रश्न : डिसेंबरच्या रात्री तुळईतून येणारी टकटक किड्याची दाखवली तर?

उत्तर : डेथवॉच भुंगेरा जुन्या, ओलसर ओकच्या लाकडावर डोके आपटतो खरा, पण जोडीदाराला बोलावण्यासाठी, वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबरातली टकटक माणसाच्या हातून करवा, नाहीतर कथा मे महिन्यात न्या.