वाचकांचे प्रश्न : जावयांकडे दोन पासपोर्ट, मुलीला व्हिसा कोणता?

प्रश्न : माझ्या मुलीच्या विवाहाची नोंद फेब्रुवारी 2024 मध्ये कोल्हापुरात विशेष विवाह कायद्याखाली झाली. जावई लेस्टरमध्ये जन्मले आणि तेथेच वाढले. वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्याने त्यांच्याकडे ब्रिटिश व आयरिश असे दोन्ही पासपोर्ट आहेत. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसासाठी लागते तेवढे त्यांचे उत्पन्न नाही. आयरिश पासपोर्ट दाखवून युरोपीय नियमांखाली मुलीला नेता येईल, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : ब्रिटनपुरते बोलायचे तर नाही. ब्रिटन युरोपीय संघात असतानाही हा मार्ग आपल्या जावयांना खुला नव्हता. जन्मापासून ब्रिटनमध्येच राहिलेल्या एका दुहेरी नागरिक महिलेने नेमका हाच दावा केला होता आणि 2011 मध्ये मॅकार्थी खटल्यात युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. जी व्यक्ती आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात कधी राहिलीच नाही, तिला मुक्त संचाराच्या हक्काचा आधार घेता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. संघातील दुसऱ्या देशात काही काळ राहून जोडीदारासह परतण्याची जी वाट पुढे अनेकांनी चोखाळली, तीही ब्रिटनने मार्च 2022 मध्ये बंद केली. आयरिश नागरिकांना ब्रिटनमध्ये मुक्तपणे राहता येते हे खरे, पण तो हक्क त्यांचा स्वतःचा असतो. भारतीय पत्नीला तो आपोआप मिळत नाही. परिचितांची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

तेव्हा ब्रिटनमध्येच संसार थाटायचा असेल, तर उत्पन्नाच्या अटीला पर्याय नाही. ही मर्यादा 11 एप्रिल 2024 रोजी 18,600 पौंडांवरून 29,000 पौंडांवर गेली. गोकुळ शिरगावच्या एखाद्या कंपनीत आपल्या मुलीला कितीही चांगला पगार असला, तरी तो यात धरला जात नाही. बचत मात्र दोघांपैकी कोणाच्याही नावावर चालते. उत्पन्न अजिबात दाखवायचे नसेल तर 88,500 पौंड, म्हणजे साधारण एक कोटी रुपयांच्या घरातील रक्कम, सलग सहा महिने खात्यात असावी लागते. वडिलांनी मुलीला बक्षीस म्हणून पैसे दिले तरी चालते, परंतु ते सहा महिने तिच्याच ताब्यात राहिले पाहिजेत. सातबारा मुलीच्याच नावावर असेल आणि ती जमीन विकून पैसा उभा केला असेल, तर जमीन आधीपासून तिची होती हे कागदोपत्री दाखवून त्या सहा महिन्यांची अट सांभाळता येते. पतसंस्थेतील ठेवींवर मात्र विसंबू नये; पैसा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील बँकेत ठेवावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इंग्रजीच्या अटीसाठी, मुलीची शिवाजी विद्यापीठाची पदवी इंग्रजी माध्यमातील असेल, तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेचे तसे प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टाळता येते. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते.

आता आयर्लंड. तेथे जावई स्वदेशी नागरिक ठरतात आणि ब्रिटन संघाबाहेर पडल्यापासून त्यांच्या ब्रिटिश पासपोर्टचा तेथे युरोपीय हक्कासाठी उपयोग उरलेला नाही. म्हणून तेथेही देशांतर्गत धोरणच लागू होते. पत्नी म्हणून प्रवेश मिळाल्यावर मुलीला ‘स्टॅम्प 4’ ही निवास परवानगी मिळते आणि नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. जावयांच्या आर्थिक क्षमतेचा विचार मात्र तेथेही होतो. अर्जापूर्वी त्या देशाच्या न्याय खात्याचे चालू धोरण वाचून घ्यावे.

आयरिश पासपोर्टचे खरे मोल संघातील उरलेल्या 26 देशांत आहे. जावयांनी जर्मनी, पोर्तुगाल किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी वा व्यवसाय धरला, तर 2004 च्या युरोपीय निर्देशाखाली पत्नीला त्यांच्यासोबत राहण्याचा हक्क मिळतो, प्रवेश व्हिसाला शुल्क नसते आणि पुढे सामान्यतः पाच वर्षांचे निवासपत्र मिळते. नोकरदाराला किमान उत्पन्नाचा ठरावीक आकडाही गाठावा लागत नाही. तेथे खरोखर राहून संसार केल्यावर दोघे आयर्लंडला परतले, तर आयर्लंडला आजही युरोपीय नियम मानावे लागतात. पण नावापुरते भाड्याचे घर घेऊन हे साधत नाही. वास्तव्य तीन महिन्यांहून अधिक आणि खरेखुरे असले पाहिजे. लेस्टरचा हट्ट सोडण्याची जावयांची तयारी आहे का, हे आधी त्यांना विचारावे.

प्रश्न : माझे पती बेलफास्टला जन्मले असून आमचा परिचय व विवाह दोन्ही 2022 मधील आहेत. उत्तर आयर्लंडमधील लोकांच्या जोडीदारांसाठी वेगळी सोय आहे का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : ती सोय ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली, परंतु नाते 31 डिसेंबर 2020 पूर्वीचे असावे अशी अट असल्याने आपल्याला ती लागू नाही. तथापि आपण ब्रिटनच्या जोडीदार व्हिसावर बेलफास्टमध्ये राहिलात, तरी आयरिश नागरिकत्वासाठी ते वास्तव्य धरले जाते, कारण आयर्लंडचा कायदा जोडीदारासाठी संपूर्ण बेट, म्हणजे ब्रिटनमधील उत्तर आयर्लंडही, विचारात घेतो : विवाहाला तीन वर्षे, आणि गेल्या पाच वर्षांत तीन वर्षे वास्तव्य, त्यांपैकी शेवटचे वर्ष सलग. ते नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : सुनेला भेटायला जाताना लंडन व डब्लिनसाठी दोन व्हिसा लागतील का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर एकच पुरतो, मात्र ज्या देशाने तो दिला तेथे प्रथम उतरावे. ही सोय केवळ अल्प मुदतीच्या भेटीसाठी आहे.