गाडी आहे, नोकरी आहे, मग फुकटचा किराणा कशाला?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगी-जावई ह्यूस्टनला असतात, हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. मुलगी शनिवारी फूड बँकेच्या फुकट किराणा वाटपाला मदत करायला जाते, एकदा मलाही घेऊन गेली. बघतो तर काय, गाड्यांची ही भलीमोठी रांग, कुणी दुकानाच्या युनिफॉर्ममध्ये, कुणी हॉस्पिटलच्या कपड्यात, सगळे कमावते लोक! डिकी उघडली की आम्ही बटाटे, कोबी, दूध, फ्रोजन चिकन ठेवायचं की गाडी पुढे. आपल्याकडे रेशनला कुणी कारने आलं तर लोक काय म्हणतील? हे लोक फायदा उपटत नाहीत का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

उत्तर: काका, गाडीचं आधी बोलू. ह्यूस्टनमध्ये गाडी म्हणजे चैन नाही हो, तिथली अंतरं तुम्ही बघितलीत, गाडी विकली तर सोमवारपासून कामावर जाणार कसं?

आता पगार. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, 2009 पासून त्यात एक सेंटही वाढ नाही, आणि ह्यूस्टन ज्या राज्यात आहे त्या टेक्ससमध्ये तेच चालतं. बरेच मालक त्याहून जास्त देतात हे खरं, पण दुकानातल्या माणसाला या आठवड्यात 35 तास तर पुढच्या आठवड्यात 20, मग महिन्याचा हिशोब बसवायचा कसा? तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला सांगायला नको, भाडं, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, पाळणाघर सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या, एक चुकली की लेट फी नाहीतर घरमालकाची नोटीस. कात्री लागते ती किराण्यालाच, कारण आई एक वेळ जेवली नाही तर नोटीस येत नाही. म्हणून तुम्ही डिकीत ठेवलेल्या सामानाचे जे 40-50 डॉलर वाचले ना, ते बहुतेक भाड्यात गेले असतील.

किराण्यासाठी सरकारी मदत आहे, तिला स्नॅप म्हणतात, पूर्वीचे फूड स्टॅम्प. मूळ नियम असा की घराचं उत्पन्न गरिबी रेषेच्या 130 टक्क्यांच्या आत हवं. काही राज्यांनी मर्यादा सैल केलीय पण रेघ कुठेतरी असतेच, आणि चार दिवस ओव्हरटाइम केला की माणूस रेघेपलीकडे, हातात मात्र फार काही उरत नाही. अशा मधल्या लोकांना फूड बँकेचा आधार.

फूड बँक म्हणजे खरं तर मोठं गोदाम. 1967 साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली सुरू केली, आज फीडिंग अमेरिका या संस्थेच्या नेटवर्कमध्ये अशा 200 च्या आसपास आहेत. सुपरमार्केटचा उरलेला पण चांगला माल, शेतावरची वेडीवाकडी भाजी, सरकारने खरेदी केलेलं धान्य असं सगळं तिथे येतं आणि मग चर्च, शाळा, छोट्या पँट्री म्हणजे वाटप केंद्रांमधून वाटलं जातं. चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नावरून देणारा कोर्टात खेचला जाऊ नये म्हणून 1996 मध्ये कायदाही झाला.

आणि कमावते म्हणाल तर 2018-19 चं शटडाऊन आठवा, बजेटच्या वादात सरकारचं बरंचसं कामकाज 35 दिवस बंद, केंद्र सरकारचे सुमारे 8 लाख कर्मचारी बिनपगारी. एअरपोर्टवर आपल्या बॅगा तपासणारे लोकसुद्धा फूड बँकेच्या रांगेत होते, म्हणजे एक पगार चुकला की ही गत.

फायदा उपटणारे असतील चार-दोन, कुठे नसतात? पण कोबी-बटाट्यासाठी शनिवारची सकाळ रांगेत घालवणारा माणूस मला तरी लबाड वाटत नाही. मला राग येतो तो पगार न वाढवणाऱ्यांचा. फूड बँकवाले स्वतःच सांगतात, आमच्या एका जेवणामागे स्नॅप नऊ जेवणं देतं, म्हणजे सरकारने हात आखडला तर देणग्यांवर हे निभणार नाही.

प्रश्न: मुलगा कॅनडात शिकायला गेलाय. मित्र म्हणतात, फूड बँकेतून दर आठवड्याला सामान आण, पैसे वाचतील. आणू दे का?
– एक आई, नागपूर

उत्तर: खात्यात पैसे असतील तर नको. स्टडी परमिटसाठी फीशिवाय खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, 2024 मध्ये ती रक्कम वर्षाला 20,635 कॅनेडियन डॉलर केली होती, नंतर ती आणखी वाढली, आणि ती राहण्या-जेवणासाठीच असते. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एका फूड बँकेने तर परदेशी विद्यार्थ्यांना नाहीच म्हणून सांगितलं होतं. पण पार्टटाइम काम गेलं, भाडं थकलं, खरंच उपाशी झोपायची वेळ आली, तर कॉलेजच्या आवारातच विद्यार्थ्यांसाठी फूड बँक असते बऱ्याच ठिकाणी, तिथे बिनधास्त जाऊ दे, आणि तुम्हाला फोन करून सांगायला लाजू नकोस म्हणावं.