केरबा खरा असेल, पण कोरीवकाम जुनं आहे का?

प्रश्न (खानापूर) : मागच्या अंकात तुम्ही ‘अंबर’ लिहिलंत. अत्तरवाले म्हणतात ते अंबर व्हेल माशाचं असतं. दोन्ही एकच का?

उत्तर : नाव एक, वस्तू दोन. ‘अंबर’ हा अरबी शब्द मुळात स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होणाऱ्या सुगंधी पदार्थाचा. पुढे तो झाडाच्या कोट्यवधी वर्षं जुन्या, दगडासारख्या झालेल्या राळेलाही चिकटला. या राळेला आपल्याकडे केरबा किंवा कहरुबा म्हणतात, संस्कृतात तृणमणी. लोकरीवर घासला की गवताची काडी ओढतो म्हणून ते नाव. व्हेलच्या अंबराची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. घोटाळा नको म्हणून इथून पुढं मी केरबाच म्हणते.

प्रश्न (निपाणी) : आमचे आज्जा दुसऱ्या महायुद्धात बर्मेत होते. त्यांच्या ट्रंकेत अंगठ्याएवढा, तांबूस, कोरलेला मासा मिळाला. आज्जी त्याला अंबराचा म्हणायची. एका दुकानात नुसता रंग बघून बॅकेलाइट (जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक) म्हणाले. दुसरीकडं मिठाच्या पाण्यात टाकला, तरंगला, तर ‘खरा आणि जुना’ म्हणाले. खरं आता विश्वास ठेवायचा कुणावर? सुई तापवून टोचून बघू काय?

उत्तर : सुई टोचू नका. हे आधी सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. वडिलांच्या शहापूरच्या पेढीवर मी नवीन होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या वडिलांची तसबीह (जपमाळ) आणली होती, एकच प्रश्न होता, खरी की खोटी. मी एका मण्याच्या भोकाजवळ तापलेली सुई टेकवली. राळेचा धूप घातल्यासारखा वास आला, मणी खरा ठरला आणि त्याच क्षणी भोकापासून कडेपर्यंत चिरला. ते काही बोलले नाहीत. दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि निघून गेले. त्या दिवसापासून कुणाच्या घरच्या वस्तूला मी सुई लावलेली नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकात मिसळले आहेत, आणि बाजारात बहुतेक फसवणूक इथंच होते. माशाचा माल खरा केरबा आहे का, हा एक प्रश्न. मासा कोरला कधी, हा दुसरा. मिठाचं पाणी पहिल्याचं अर्धंच उत्तर देतं, दुसऱ्याचं देतच नाही. चार कोटी वर्षांपूर्वीचा बाल्टिक केरबा घेऊन गेल्या महिन्यात यंत्रावर मासा कोरला, तरी तो तरंगणारच.

आधी माल बघू. मिठाच्या पाण्यापेक्षा सराफाचा बारीक काटा बरा, कारण जुन्या वस्तूच्या चिरांत मीठ जाऊन बसतं. वस्तू एकदा तशीच तोलायची, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायची. गेल्या वर्षी एक तुकडा माझ्याकडं आला होता. बाहेर 18.40 ग्रॅम, पाण्यात 1.30. फरक 17.10. 18.40 ला 17.10 नं भागलं तर आकडा 1.08 च्या जवळ येतो, आणि केरब्याची घनता 1.05 ते 1.10 असते. तेवढ्याच वजनाचा बॅकेलाइटचा तुकडा पाण्यात साधारण 3.80 ग्रॅम भरला असता, कारण त्याची घनता 1.25 च्या वर जाते. तुमचा मासा तरंगला म्हणजे बॅकेलाइट नक्की नाही, पहिला दुकानदार चुकला. (बॅकेलाइटचा शोध 1907 चा, त्यामुळं ‘जुनं म्हणजे बॅकेलाइट नसणार’ हाही समज सोडा. आज्जांच्या काळात त्याचे मणी भरपूर होते.)

पण कोपलही तरंगतं, पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिकही तरंगतं. कोपल म्हणजे पुरती न पिकलेली, वयानं कोवळी राळ. त्यासाठी माशाच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, कान साफ करायच्या काडीनं अॅसिटोनचा एकच थेंब लावा. थोड्या वेळानं बोट टेकवा. चिकट लागलं तर केरबा नाही, कोपलही चिकटतं आणि पॉलिस्टायरीन तर विरघळतंच. लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नोटा तपासायचा अतिनील दिवा असेल तर अंधारात तोही मारून बघा. बर्मी केरबा निळसर उजळतो. जुना, वरून लाल पडलेला तुकडा मात्र मंद दिसतो, म्हणून नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नका. घोंगडीवर घासून कागदाचा कपटा उचलतो का, ही परीक्षा तर सोडूनच द्या. प्लॅस्टिकचा कंगवाही कपटे उचलतो.

आता वय. इथं यंत्र चालत नाही, डोळे लागतात. दहापट भिंग घ्या, खिडकीपाशी बसा, आणि माशाच्या खवल्यांच्या खाचा बघा, माथे नव्हेत.

केरबा हवेनं वर्षानुवर्षं लाल पडत जातो, आणि ती लाली कोरल्यानंतर जे जे उघडं पडलं त्या सगळ्यावर चढते, खाचेच्या तळाशीसुद्धा. वरची कातडी लाल आणि खाचेत फिकट मधाचा रंग, असं दिसलं तर कोरीवकाम लालीच्या नंतरचं. हल्ली केरबा भट्टीत तापवून वरचा थर लाल करतात आणि मग त्यावर कोरतात. रंग लावून जुना केलेला असेल तर उलटं दिसतं. रंग खाचांच्या कोपऱ्यांत आणि चिरांत साचून गडद होतो, माथ्यावर उडालेला असतो.

मग चिरा. जुन्या केरब्यावर तळ्याच्या वाळलेल्या चिखलासारखं बारीक जाळं पडतं. खरं वय झालेल्या वस्तूवर ती चीर खवल्याच्या माथ्यावरून खाचेत उतरते आणि पलीकडं चढते, कारण नक्षी आधी होती, चीर नंतर आली. चीर खाचेच्या कडेला तुटली असेल तर आधीच तडकलेल्या तुकड्यावर कुणीतरी नंतर हत्यार फिरवलं आहे.

आणि शेवटी हाताळणी. माशाचं नाक, कल्ल्याची कड, शेपटीची टोकं ही खिशात, मुठीत झिजून गोल होतात, सखल भाग तसाच राहतो. नव्या मालात सगळीकडं एकच चकाकी असते, खाचेच्या तळातही. फिरत्या हत्याराची खाच सारख्या रुंदीची असते. हातानं कोरलेली एका टोकाला बारीक होत संपते. दोरा ओवायचं भोक असेल तर त्याची वरची कड बघा. दोऱ्यानं घासून ती एका बाजूलाच खोल गेलेली असते.

बर्मेच्या हुकाँग खोऱ्यातला केरबा लालसर तपकिरी असतो, आणि चिनी कारागीर पूर्वीपासून तो कोरत आले आहेत. तुमच्या माशाची गोष्ट या वाटेशी जुळते, म्हणून मला आशा आहे. पण गोष्ट जुळली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, खाचा बघून मला परत लिहा. तोवर त्याला अत्तर, स्पिरिट, टूथपेस्ट काही लावू नका, आणि देव्हाऱ्यात समईजवळ तर मुळीच ठेवू नका. सोन्याच्या डब्यातही नको. नखाइतकाच मऊ दगड आहे, दागिन्यांनी चरे पडतील. वेगळ्या सुती कापडात गुंडाळा.

प्रश्न (चिकोडी) : प्रदर्शनात ‘200 वर्षांचा अंबराचा गणपती’ घेतला. पोटात अख्खा विंचू आहे, नांगीसकट. भाऊ म्हणतो फसलीस. खरंच फसले का?

उत्तर : हो ताई, फसलात. भावाचं बरोबर आहे. खऱ्या केरब्यात सापडतात ते बहुतेक माशी, चिलट, मुंगी असे काही मिलिमीटरचे जीव, राळेत धडपडून पाय दुमडलेले. विंचू फार क्वचित सापडतो, आणि असा मधोमध नांगी उभारून तर साच्यात ओतलेल्या कृत्रिम रेझिनमध्येच बसतो. गणपतीच्या कानांमागून बोट फिरवा, साच्याची बारीक शिवण लागेल.

पावती काढा. तिच्यावर ‘अंबर’ आणि ‘200 वर्षं’ असं लिहिलं असेल तर विक्रेत्याला आधी लेखी पत्र पाठवून पैसे मागा. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते, 2 वर्षांच्या आत. पावतीवर नुसतं ‘शोभेची वस्तू’ असेल तर काम अवघड आहे. तरी पत्र पाठवाच, आणि मूर्तीचा, कानामागच्या शिवणीचा जवळून फोटो सोबत जोडा.