सुखोई लढाऊ विमानासारखं दिसणारं मॉडेल रॉकेट सुटताच कोलांटी का मारतं? पुण्यात ते कुठे उडवावं?

दोष बहुधा वजनाच्या जागेचा आहे. रॉकेटचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे ते समतोल राहतं ती जागा, हवेच्या दाबाच्या मध्याच्या (जिथे हवेचा एकूण जोर लागतो) पुढे, निदान रॉकेटच्या नळीच्या एका व्यासाइतका हवा. सुखोईचे पंख मधोमध, त्यामुळे दाबाचा मध्य पुढे सरकतो आणि शेपटीतली मोटर, म्हणजे जळून रॉकेटला ढकलणारी इंधनाची नळी, वजन मागे खेचते. सायकलवाल्याकडून बेअरिंगचे छर्रे आणा आणि नाकाच्या आत एपॉक्सी गोंदात पक्के बसवा. शाडूची माती भरू नका, सुकली की भेगा पडून सुटते.

मग मोटर बसवूनच, जिथे रॉकेट समतोल राहतं तिथे दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, आडवंतिडवं झालं तर अजून छर्रे. वजन वाढलं की मोटरचा जोर पुरतो का, तेही बघा. पहिलंच मॉडेल असेल तर मी तेजस विमानाचं मॉडेल सुचवेन, त्याचे त्रिकोणी पंख मागे असतात.

मोटर घरी बनवू नका, कृपा करून. आणि लोहगाव विमानतळाच्या आसपास उडवूच नका, तिथे खरी सुखोई उतरतात. शहराबाहेरचं मोकळं माळरान शोधा, जागामालकाची आणि पोलिसांची परवानगी घ्या. उन्हाळ्यात वाळलेलं गवत क्षणात पेटतं, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवा.