फॅशन छायाचित्रण शिकताना कोणत्या महिला छायाचित्रकाराचे काम अभ्यासावे?

मी टोनी फ्रिसेल (१९०७–१९८८) यांचे नाव निःशंकपणे सुचवेन. फॅशनचे छायाचित्र म्हणजे स्टुडिओतील दिव्यांखाली अवघडून उभी राहिलेली स्त्री, अशी कल्पना रूढ असताना, १९३०च्या दशकात ‘व्होग’साठी काम करताना या अमेरिकन छायाचित्रकर्तीने मॉडेलना मोकळ्या उन्हावाऱ्यात आणले. १९४७ साली फ्लोरिडातील वीकी वाची झऱ्यात त्यांनी टिपलेले छायाचित्र मी असंख्य वेळा पाहिले आहे. कॅमेरा पाण्याखाली आहे, पायघोळ पांढरा झगा घातलेली स्त्री पाण्यात आडवी तरंगते आहे, आणि तिचा चेहरा पृष्ठभागापाशी अस्पष्ट होत गेला असूनही नजर हटत नाही.

मालवणात नववधूंची छायाचित्रे काढताना खाऱ्या वाऱ्याला मी वैरीच मानत असे. चिवला किनाऱ्यावर एका वधूच्या पैठणीचा पदर उंच उडाला तेव्हा, तो सावरायला न सांगता मी बटण दाबले, ते केवळ फ्रिसेल यांच्या कामाने डोळे उघडल्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धातील त्यांची छायाचित्रेही तितकीच मोलाची आहेत. त्यांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून त्यातील अनेक छायाचित्रे तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.