उत्खननांनी बायबल खरं ठरवलं की खोटं?

असा एका शब्दात निकाल लागत नाही, कारण बायबल हे एक पुस्तक नाही, शतकानुशतकं साठत गेलेली पेटीभर पुस्तकं आहेत. इस्राएलींचा पुढारी यहोशवा चालून आला तेव्हा यरीहो शहराचा तट कोसळला, असं बायबल सांगतं. तिथे पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये खणलं, आणि यहोशवाच्या काळात तिथे पाडायला तटच नव्हता असं बहुतेक अभ्यासक मानू लागले. पण इ.स.पू. ७०१ मध्ये या, चित्र पालटतं.

त्या साली अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला. बायबलमधलं 'दुसरे राजे' हे पुस्तक सांगतं की यहूदाचा राजा हिज्कीया याने ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं खंडणी भरली. सन्हेरीबने भाजक्या मातीच्या षट्कोनी लोलकावर आपली बाजू लिहून ठेवली आहे. सोनं तिथेही ३०च, चांदी मात्र ८००! घेणाऱ्याने फुगवली की देणाऱ्याने दडवली, देव जाणे. बखर आणि इंग्रजांच्या वखारीतली पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना ही गंमत नवी नाही.

त्याहून बोलकं आहे ते दोघांचं मौन. हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी सन्हेरीब फुशारकी मारतो, पण शहर घेतलं असं म्हणत नाही. देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले, हे बायबलचं म्हणणं. लोलकावर त्याचा मागमूस नाही, आणि असता तरच नवल. सन्हेरीबने वेढलेल्या लाखीश या यहूदाच्या शहराचं उलटं. बायबलमध्ये ते ओझरतं येतं, अश्शूरची राजधानी निनवेच्या राजवाड्यात मात्र त्या वेढ्याने दालन भरलं होतं. ते शिल्पपट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी गेलो तेव्हा वेढ्याच्या यंत्रांपेक्षा बैलगाडीवर बिऱ्हाड लादून निघालेल्या बायकापोरांपाशीच जास्त रेंगाळलो. चित्रातला तटाला भिडवलेला चढाव लाखीशला खरोखरच सापडला, शेकडो बाणांच्या टोकांसकट.

हिज्कीयाने नळ काढून शहरात पाणी आणलं, असंही 'दुसरे राजे'मध्ये आहे. तो नळ म्हणजे गीहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्याकडे जाणारं, कातळातलं सुमारे ५३३ मीटरचं वाकडंतिकडं भुयार, असं बहुतेकजण मानतात. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर सहा ओळींचा हिब्रू लेख सापडला. त्यात ना राजाचं नाव, ना देवाचं. दोन्हीकडून खणत येणाऱ्यांमध्ये तीन हात कातळ उरला तेव्हा पलीकडच्याची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी १,२०० हात वाहत गेलं, एवढंच लिहिलंय. तो दगड आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.