ख्रिस्ती शिबिरात मंडळीबाहेरचा वक्ता बोलवावा का?

तुम्ही विचारलंय की चर्चने आपल्या परिषदेत देवधर्म न मानणाऱ्या वक्त्याला बोलवावं का. माझं मत, बोलवावं. पण त्याला जे येतं तेवढ्यापुरतंच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. कापूस वेचून झाला की आमच्या भागातल्या चर्चच्या पाच-सहा मंडळ्या मिळून तीन दिवसांचं शिबिर घेतात. मांडव, सतरंज्या, सकाळी बायबल अभ्यास, रात्री संदेश, म्हणजे प्रवचन. वक्ते ठरवणाऱ्या कमिटीत मी काही वर्षं आहे, त्यामुळे हा वाद अंगावर घेऊन झालाय.

एका वर्षी आम्ही सिकलसेल या आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर बोलायला एका डॉक्टरांना बोलवायचं ठरवलं. माणूस नास्तिक, आणि ते लपवतही नाहीत. बैठकीत एक म्हातारे पंच उठले. "पास्टरसाहेब, विजोड बैल जुतले त वखर सरळ चालते का?" विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊन जुवाखाली जाऊ नका, असं सांगणारा बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय त्यांनी वखराला जुंपला होता, आणि शेतकऱ्यांच्या बैठकीत त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. पास्टर म्हणाले, "बाबा, आपण त्याले जुवाले नाही जुतून राह्यलो. वाट इचारून राह्यलो."

अशा वेळी कोणीतरी हमखास अथेन्समध्ये परक्या लोकांपुढे बोललेल्या प्रेषित पौलाचं उदाहरण देतं. मला ते इथे लागू पडत नाही असं वाटतं. तिथे बोलणारा पौल होता, ऐकणारे बाहेरचे होते. आपला प्रश्न उलटा आहे. खरा दाखला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात आहे. इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, त्याला म्हणाला की अशाने तूही थकशील आणि लोकही; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेने ऐकलं. आमच्या पंचांनी यावरही बोट ठेवलं, की इथ्रोने आधी परमेश्वराची थोरवी कबूल केली होती. मुद्दा रास्त आहे. मग यशया या पुस्तकाच्या 45 व्या अध्यायातला कोरेश घ्या, परका पारसी राजा. त्याला देव आपला अभिषिक्त म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की तू मला ओळखत नव्हतास. यावर बाबा गप्प बसले. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टर आले. देवाचं नाव त्यांनी घेतलं नाही, देवाविरुद्धही बोलले नाहीत. त्यांनी सांगितलं, आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेला माणूस म्हणजे वाहक; त्याला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले (रक्ताच्या रिपोर्टात 'एएस'), तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. मागून एका बाईने विचारलं, "पहिलं पोरगं आजारी हाये, मंग पुढचे तीन बरे निंघतीन ना?" डॉक्टर म्हणाले, नाही, दर बाळंतपणाला चिठ्ठी नव्याने निघते. मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

आमच्याकडे लग्न जमलं की तीन रविवार मंडळीत नावं वाचतात. त्या शिबिरानंतर आमचे पास्टर नावं वाचण्याआधी दोन्ही घरी जाऊन रक्ताचा रिपोर्ट विचारतात. सगळ्यांना आवडतं असं नाही, पण विचारतात. हे रात्रीच्या कोणत्याही संदेशाने झालं नसतं, आणि मी संदेश मनापासून ऐकणारा माणूस आहे.

आता फसलेलं सांगतो. दुसऱ्या एका वर्षी आम्ही शहरातून एक प्रेरणादायी वक्ते आणले. विषय दिला 'तरुणांचं भविष्य', म्हणजे कुठलाच विषय दिला नाही. त्यांनी पाऊण तासाऐवजी पावणेदोन तास घेतले आणि पोरांकडून "माझा देव मीच" असं तीनदा म्हणवून घेतलं. बायबल अभ्यास बुडाला. दोष त्यांच्यापेक्षा आमचा जास्त. ते एरवी जे बोलतात तेच बोलले.

गंमत अशी की निवडणुकीच्या वर्षी पुढारी स्टेजवर येतो, शाल-श्रीफळ घेतो, अर्धा तास मतांचं बोलतो, आणि तेव्हा कोणालाच विजोड बैल आठवत नाहीत. (नारळ द्यावा की नाही, यावर मात्र दोन बैठका होतात.)

म्हणून तुमची कमिटी बोलवणार असेल तर विषय एका ओळीत लिहून द्या आणि त्यांच्याकडून होकार घ्या. दुपारची वेळ द्या, उपासनेची नको. पाहुण्यांना धरून प्रार्थनेला गुडघ्यावर बसवू नका. आमच्या एका उत्साही भावाने डॉक्टरांच्या बाबतीत तो प्रयत्न केला होता, मला मधे पडावं लागलं. आणि येण्याजाण्याचं भाडं पाकिटात घालून आधीच हातात द्या. आपल्याकडे 'सेवा' म्हटलं की सगळे विसरतात, आणि माणूस शाल खांद्यावर टाकून एसटीची वाट पाहत उभा राहतो.